कॅसाब्लांका आणि त्याच्या टीव्ही मालिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रम्हपुरी आणि नागभीडच्या मधात. महिन्यातल्या एका शनिवारी, जेवणं आटोपली की, समाजमंदिराच्या भिंतीला पांढरी चादर ताणून आम्ही जुने सिनेमे दाखवतो. होळीनंतर ‘कॅसाब्लांका’ हा १९४२ चा अमेरिकन सिनेमा दाखवला. मग कोणीतरी मोबाइलवर शोधून काढलं की याच्या टीव्ही मालिकाही निघाल्या होत्या, आणि प्रश्न सुरू झाले. पानठेल्यावर, धानाच्या काट्यावर, एकदा तर मातीवरून परत येताना. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून हे लिहून ठेवतोय.

मी वीस-बावीस हंगाम झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत प्रॉम्प्टर होतो. विंगेत बसून दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालायचे, हे माझं काम. त्यामुळे उत्तरं नाटकाच्या अंगानं जातील, तेवढं चालवून घ्या. आणि हो, सिनेमाचा शेवट यात सांगितलेला आहे. तो लपवून मालिकांबद्दल काहीच बोलता येत नाही.

कॅसाब्लांका हे बाईचं नाव आहे का?

नाही. गावाचं आहे. उत्तर आफ्रिकेत मोरोक्को देश, त्याच्या समुद्रकाठचं मोठं बंदर. तेव्हा तिथं फ्रान्सचा अंमल होता.

गोष्ट काय आहे, थोडक्यात सांगा.

रिक नावाचा एक अमेरिकन माणूस तिथं कॅफे चालवतो. खाणं, दारू, गाणं, मागच्या खोलीत जुगार. आपल्याला कोणाचं काही देणंघेणं नाही, असं तो सगळ्यांना सांगत असतो. एका रात्री इल्सा नावाची बाई दारातून आत येते. पॅरिसमध्ये दोघांचं प्रेम होतं. जर्मन फौजा शहरात शिरायच्या दिवशी ती त्याच्यासोबत आगगाडीनं निघणार होती, पण आली फक्त चिठ्ठी. आता ती आलीय ती नवऱ्यासोबत. नवरा व्हिक्टर लाझलो नाझींच्या छळछावणीतून निसटलेला पुढारी. दोघांना देशाबाहेर जायचंय, आणि बाहेर जायचे कागद नेमके रिकच्या हाती पडलेत.

तिनं पॅरिसमध्ये त्याला का सोडलं, तेही पुढं कळतं. नवरा मेला असं समजून ती रिकच्या प्रेमात पडली होती, आणि निघायच्या दिवशीच तो जिवंत असल्याचा निरोप आला. आपल्या नाटकांत अशी भानगड असली की दुसऱ्या अंकाच्या पडद्यावर नवरा कपाळाला पट्टी बांधून उभा राहतो. इथं तो प्रसंग दाखवतच नाहीत, बाई नुसती सांगते. तरी बसते गोष्ट.

“युद्धाचा पिक्चर म्हनता, मंग लढाई कुठं आहे?”

लढाई नाही. वाट पाहणं आहे. काळ डिसेंबर १९४१ चा. जून १९४० मध्ये पॅरिस पडलं, आणि युरोपातून जीव वाचवून निघालेली माणसं पॅरिसहून मार्सेय, तिथून समुद्र ओलांडून ओरान, तिथून कॅसाब्लांका अशी येत. पुढं विमानानं लिस्बन, मग अमेरिका. पण कॅसाब्लांकातून बाहेर पडायला परवाना लागे. ज्याच्याकडे पैसा, ओळख किंवा नशीब, तो गेला. बाकीचे बसून राहिले.

तहसीलीच्या ओसरीत दाखल्यासाठी बसलेली माणसं बघितली असतील तर हा सिनेमा तुम्हाला वेगळा समजावून सांगायची गरज नाही. अंगठ्या विकणारे, दलाल, “उद्या या” म्हणणारा अधिकारी, सगळे आहेत त्यात. फरक एवढाच की तिथं दाखला हुकला की माणूस थेट छळछावणीत जाऊ शकत होता.

ते परवान्याचे कागद खरे होते का?

नव्हते. नाटककारांच्या डोक्यातून निघालेले. असे बिनबोभाट सोडणारे कागद प्रत्यक्षात कोणी कधी दिले नाहीत. गोष्टीला खुंटी लागते, ही ती खुंटी.

मूळ सिनेमाही कशाचा तरी रिमेकच आहे ना?

रिमेक नाही, पण नाटकावरून घेतलेला आहे. मरे बर्नेट आणि जोन अ‍ॅलिसन या दोघांनी लिहिलेलं नाटक, ज्याचा तोवर एकही प्रयोग झाला नव्हता. वॉर्नर ब्रदर्स कंपनीनं ते विकत घेतलं. जूलियस आणि फिलिप एपस्टाइन हे जुळे भाऊ आणि हॉवर्ड कॉच यांनी पटकथा केली, मायकेल कर्टिझ यांनी दिग्दर्शन. हम्फ्री बोगार्ट झाला रिक, इंग्रिड बर्गमन इल्सा, पॉल हेनरीड लाझलो आणि क्लॉड रेन्स पोलीस कॅप्टन रेनो. १९४४ च्या ऑस्कर समारंभात सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा असे तीन पुरस्कार मिळाले.

ज्या नाटकाचा एक प्रयोग लागला नाही, त्याचं हे झालं. माझ्या पेटीत अशी चार हस्तलिखितं पडून आहेत, हे आपलं सहज सांगितलं.

शूटिंग मोरोक्कोत जाऊन केलं का?

छे. जवळजवळ सगळं कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत. आणि इथं मला थोडं रेंगाळू द्या, कारण पडद्यामागच्या माणसाला याच गोष्टीत रस.

शेवटच्या प्रसंगात धुक्यात एक विमान उभं दिसतं. ते खऱ्यापेक्षा लहान आकाराचं, लाकूड-पुठ्ठ्याचं केलेलं होतं. मग ते लहान दिसू नये म्हणून आजूबाजूला काम करणारे मेकॅनिक म्हणून ठेंगण्या चणीची माणसं उभी केली. बाकी उघडं पडू नये म्हणून धूर. ज्या धुक्यावर लोक ऐंशी वर्षं हळहळले, ते पुठ्ठा झाकायला सोडलेलं होतं! बोगार्ट बर्गमनपेक्षा बुटका होता, त्याला उंच टाचेचे जोडे घालून उभं करत. पियानो वाजवणारा सॅम, म्हणजे डूली विल्सन, मुळात ड्रम वाजवणारा. पियानो दुसराच माणूस वाजवत होता, हा नुसते हात फिरवत होता.

आमच्याकडे एका नाटकात राजवाड्याचा खांब उंदरांनी कुरतडला होता, तर राणीला पूर्ण प्रवेश त्या भोकासमोर उभं केलं होतं. लोक म्हणाले, बाई काय निश्चल उभी होती, काय अभिनय!

त्यातले नट खरोखर निर्वासित होते हे खरं का?

बरेचसे. जर्मन मेजर स्ट्रासरचं काम करणारा कॉनराड व्हाइट हा जर्मन नट, पण बायको ज्यू, म्हणून हिटलर आल्यावर देश सोडून निघालेला. पोट भरायला नाझींच्याच भूमिका वाट्याला आल्या. जुगाराच्या टेबलावरचा मार्सेल दालिओ आणि इव्हॉनचं काम करणारी मादलेन लेबो हे तेव्हा नवरा-बायको. फ्रान्समधून लिस्बनमार्गे असेच पळून आलेले. कॅफेत जर्मन अधिकारी आपलं गाणं लावतात आणि उत्तरादाखल सगळा कॅफे उभा राहून फ्रान्सचं राष्ट्रगीत म्हणतो, तेव्हा मादलेन लेबोचा चेहरा जवळून दाखवलाय. तो चेहरा बघताना मी पुढचं मराठीत सांगायचं विसरलो. पुढच्या ओळीतल्या बायका मागे वळून बघायला लागल्या, तेव्हा भानावर आलो.

दालिओचं नाव लक्षात ठेवा, मालिकेत तो परत भेटणार आहे.

तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं?

हा प्रश्न नववीतल्या एका पोरीनं विचारला. मला सुचला नव्हता, याची लाज वाटली.

सिनेमाचं मुख्य चित्रण ३ ऑगस्ट १९४२ ला आटोपलं. त्यानंतर तेरा दिवसांनी, १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, आमच्या इथून फार दूर नसलेल्या चिमूरला मिरवणुकीवर गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा त्यात गेला. लोक पेटले, त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीलाही तेच झालं. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी या गावांना आधीच जागं केलं होतं; त्याच महिन्यात महाराजांना अटक होऊन नागपूर-रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. नंतर फौज आली आणि चिमूरच्या बायाबापड्यांवर जे अत्याचार झाले, त्यांच्या चौकशीसाठी सेवाग्रामच्या प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. २६ नोव्हेंबर १९४२ ला न्यूयॉर्कमध्ये ‘कॅसाब्लांका’चा पहिला खेळ झाला, तेव्हा भन्साळींच्या पोटात अन्न नव्हतं.

पडद्यावर जे स्वातंत्र्यासाठी लढत होते, त्यातल्या एका बाजूचं राज्य आपल्यावर होतं. सिनेमा पाहताना हे मनात आणायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी आणतो.

“शेवटी ते बाई कोनासंग जाते?”

नवऱ्यासोबत. रिक तिला आणि लाझलोला विमानात बसवतो, अडवायला आलेल्या मेजरला गोळी घालतो, आणि पोलीस कॅप्टनसोबत धुक्यात चालत निघून जातो.

त्या काळच्या अमेरिकी सिनेमांवर नीतिनियमांची एक संहिता होती. लग्नाच्या बाईनं नवऱ्याला सोडून प्रियकरासोबत जाणं तिला मंजूर होणं अवघड होतं. म्हणजे शेवट अर्धा नियमानं ठरलेला. पण लिहिणाऱ्यांची कमाल ही की नियम पाळलाय असं कुठं वाटत नाही, रिकनंच ठरवलंय असं वाटतं.

आमच्या खेळाला नेमकं विमानतळावर लाइन गेली. चाळीस मिनिटं अंधार. एकही माणूस उठला नाही. मग मी टॉर्च हनुवटीखाली धरून उरलेले संवाद तिघांच्या आवाजात म्हणून दाखवले. संपल्यावर तेंदूपत्त्याची पुडकी बांधून बोटं काळी झालेली एक आजी भिंतीपाशी बसली होती, ती म्हणाली, “जाऊ दे गा तिले. राह्यली असती तं रोज भांडन झालं असतं.” लाइन आल्यावर तोच शेवट सगळ्यांनी पुन्हा पाहिला. आजीनं दुसऱ्यांदा डोळे पुसले, पण मत बदललं नाही.

टीव्हीवर याच्या मालिका किती झाल्या?

दोन. एक १९५५ मध्ये एबीसी वाहिनीवर, दुसरी १९८३ मध्ये एनबीसीवर. दोन्ही वॉर्नरच्याच घरातून निघालेल्या, दोन्ही लवकर आटोपल्या. त्याआधी रेडिओवरही श्रुतिका झाल्या, त्यातली १९४३ ची तर बोगार्ट, बर्गमन आणि हेनरीड यांनी स्वतः केलेली.

१९५५ च्या मालिकेत काय होतं?

टीव्ही तेव्हा अमेरिकेत घरोघर शिरत होता आणि सिनेमा कंपन्या घाबरल्या होत्या. वॉर्नरनं ठरवलं, आपलेच जुने सिनेमे टीव्हीसाठी कापून-शिवून द्यायचे. एकाच वेळेला तीन मालिका आळीपाळीनं : ‘किंग्ज रो’, ‘शायेन’ आणि ‘कॅसाब्लांका’. चार्ल्स मॅकग्रॉ रिक झाला. काळ महायुद्धाचा नाही, तर १९५० च्या दशकातला, अमेरिका-रशिया शीतयुद्धाचा. मूळ सिनेमात जुगाराच्या टेबलावर बसणारा मार्सेल दालिओ इथं बढती मिळून पोलीस कॅप्टन झाला. मला ही बातमी वाचून बरं वाटलं. आमच्याकडेही भालदार-चोपदार करणारा माणूस पंधरा वर्षांनी राजा होतो.

दहा भागांत संपली. तिच्याच बरोबर निघालेली ‘शायेन’ मात्र अनेक वर्षं चालली.

आणि १९८३ ची?

या वेळी काळ परत मागं नेला. सिनेमातली गोष्ट घडायच्या आधीचे दिवस. इल्सा अजून कॅसाब्लांकात आलेलीच नाही. रिकच्या भूमिकेत डेव्हिड सोल. ‘स्टार्स्की अँड हच’ या पोलिसी मालिकेतला हच म्हणून तो घराघरांत माहीत होता. हेक्टर एलिझोंडो कॅप्टन रेनो, स्कॅटमन क्रॉदर्स पियानोवाला सॅम, आणि पुढं मोठा नट झालेला रे लिओटा कॅफेतल्या साशाच्या कामात.

१० एप्रिल १९८३ ला पहिला भाग लागला. तीन भागांनंतर वाहिनीनं हात आखडता घेतला. तयार असलेले उरलेले दोन त्याच वर्षी नंतर कधीतरी उरकले. एकूण पाच. आमच्याकडे मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, याहून जास्त प्रयोग होतात.

आपल्या भागात तेव्हा टीव्ही म्हणजे ऐकायची गोष्ट. गावात पहिला संच आला तो ‘रामायण’च्या वेळी, आणि तोही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर.

इतकी चांगली गोष्ट, मग मालिका काऊन पडली?

लोक म्हणतात, बोगार्ट नव्हता म्हणून. खरं आहे, पण पुरतं नाही. एक नट गेला म्हणून नाटक पडत असतं तर झाडीपट्टी केव्हाच बसली असती. आमच्याकडे नायक अपघातानं खाटेवर पडला, तर दुपारी दुसरा आणून रात्री उभा केलाय. मी शब्द देत होतो, तो बोलत होता, आणि पब्लिक टाळ्या देत होती.

मुळात कंपनीचा हिशोब कागदावर बरोबर होता. मालिकेला काय लागतं? एक ठिकाण, जिथं रोज नवा माणूस येईल. कॅफेसारखं ठिकाण कुठलं! दर आठवड्याला दारातून एक निर्वासित आत येणार, त्याची अडचण, कॅप्टनची लाच, जर्मनांची धमकी, सॅमचं गाणं, अडचण सुटली, दिवे मंद. असे शंभर भाग निघतील, असं वाटणं साहजिक आहे.

पण ‘कॅसाब्लांका’ ही कॅफेची गोष्ट नाही. ती एका माणसाच्या एकदा बदलण्याची गोष्ट आहे. कोणासाठी काही न करणारा माणूस एका रात्री सगळंच देऊन टाकतो : बाई देतो, परवाने देतो, आणि कॅफे? तो तर आधीच फेरारी नावाच्या दुसऱ्या कॅफेवाल्याला विकून मोकळा झालेला असतो. लक्षात घ्या, सिनेमाचा नायक शेवटी ते दुकान सोडून जातो, आणि मालिकेला दर आठवड्याला तोच गल्ल्यावर बसलेला हवाय. तो बदलला तर मालिका संपली, नाही बदलला तर गोष्टच नाही.

१९५५ च्या मालिकेनं यावर काळ पुढं ढकलला. युद्ध संपलं तरी हा तिथंच. मग विमानतळावर जे झालं ते कशासाठी? १९८३ च्या मालिकेनं काळ मागं ओढला. म्हणजे प्रेक्षकाला पहिल्या मिनिटापासून माहीत, की या माणसाचं मन इल्सा येईपर्यंत हलायचं नाही, आणि इल्सा काही या मालिकेत येत नाही. तो दर भागात कोणालातरी मदत करतो आणि पुढच्या भागात परत “मला काय त्याचं” म्हणत तोंड फुगवून बसतो. दोन वेळा चालेल, तिसऱ्या वेळी बघणारा म्हणतो, ह्यो का करून रायला? मांडव आहे, वाजंत्री आहे, पंगतही चालू आहे, फक्त नवरीचा पत्ता नाही.

‘शायेन’ का चालली, तेही यातच आहे. तो घोड्यावरचा भटका नायक. दर भागात नव्या गावात जातो, काम उरकतो, निघून जातो. निघून जाणं हा त्याचा स्वभावच आहे, म्हणून ते रोज करता येतं. रिकला ते एकदाच करता येतं.

झाडीपट्टीचं नाटक रात्री दहा-साडेदहाला सुरू होतं आणि कोंबडा आरवताना संपतं. पोलीस पाटलापासून सालगड्यापर्यंत सगळे एका मांडवात. सकाळी कंपनीची गाडी दुसऱ्या गावाला. नायिका मेली तर मेली, उद्या ती दुसऱ्या गावात मरेल, आमच्या गावात परत उठून बसणार नाही. त्यामुळे आमच्या लेखकांना शेवट करायला भीती वाटत नाही. मालिकेच्या लेखकाला शेवटाचीच भीती, कारण शेवट झाला की पगार थांबला.

म्हणजे रिमेक करूच नये असं तुमचं म्हणणं?

असं मी कुठं म्हटलं? मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टी नाव बदलून ऐकल्या आणि सांगितल्या. एकच कथानक तीन कंपन्यांकडे तीन नावांनी, आणि तिन्ही हाऊसफुल्ल, हे मी विंगेतून पाहिलंय. रिमेक करणाऱ्यानं एवढं बघावं की गोष्टीचं काळीज कुठं आहे. कॅफेच्या खुर्च्या, टोपी, पांढरा कोट हे सगळं हुबेहूब उतरवता येतं, सगळ्यात सोपं तेच. मला तर वाटतं, रिक बाई असती, कॅफेच्या जागी खानावळ असती, तरी चाललं असतं, फक्त शेवटी तिनं खानावळ सोडायला पाहिजे.

सिनेमा रंगीत का नाही? रंगीत प्रत आहे म्हणे.

आहे. १९८८ मध्ये टेड टर्नर यांच्या कंपनीनं संगणकावर रंग भरून टीव्हीवर दाखवली. बोगार्टच्या मुलासह बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. आम्ही कृष्णधवलच दाखवतो. त्या सिनेमात सावल्याही काम करतात, त्यांना रंग लावला की त्या निस्त्या सावल्या होतात.

झाडीपट्टीत ‘कॅसाब्लांका’ होऊ शकतो का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझा लाडका.

मी वडसा येथे एका नाटक कंपनीच्या मालकाला पूर्ण गोष्ट सांगून पाहिली. त्यानं खर्रा घोटता घोटता शेवटपर्यंत ऐकली, पिंक टाकली आणि विचारलं, “म्हंजे हिरोले शेवटी बाई नाही, ठाणेदार भेटते?” मी म्हटलं, हो. तो म्हणाला, “खुर्च्या तोडतीन.”

पण मी अजून सोडलेलं नाही. माझ्या मनातला आराखडा असा. साल १९४२, ऑगस्टचा शेवट. ठिकाण बल्लारपूर, रेल्वे स्टेशनाजवळची खानावळ. वर्धा नदीच्या पलीकडे राजुरा, आणि राजुरा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. म्हणजे नदी ओलांडली की इंग्रजांचा पोलीस मागं राहिला. चिमूरहून निसटलेली माणसं खानावळीत येऊन बसतात. कोणी मुनीम म्हणून, कोणी लग्नाचं वऱ्हाड म्हणून, कोणी खरंच भुकेलेला. नदीला पूर आहे, नावाडी जास्त पैसे मागतो, आणि निजामाच्या हद्दीत जायचा एक सही-शिक्क्याचा परवाना मालकाच्या गल्ल्यात आहे. मालक १९३० च्या जंगल सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेला, आता कोणाच्या अध्यात ना मध्यात. आणि पावसानं भिजलेली एक बाई दारातून आत येते. हे सगळं माझ्या मनाचं आहे, इतिहासात शोधायला जाऊ नका. फक्त साल, नदी आणि हद्द खरी.

राष्ट्रगीताचा प्रसंग तर आपल्याकडे जास्तच रंगेल. साहेबाचा ग्रामोफोन वाजतोय, आणि कोपऱ्यातला एक म्हातारा पिशवीतून खंजिरी काढतो. एकच थाप. मग दुसरा. मग स्वयंपाकघरातून बायका बाहेर येतात. इथं ऑर्गन-तबल्यावाल्यांनी गप्प राहायचं, हे तालमीत दहा वेळा बजावावं लागेल, कारण आमचा ऑर्गनवाला कुठंच गप्प राहत नाही.

अडचणी आहेत. विनोदी जोडी घालावी लागेल, नाहीतर रात्री दोनला पब्लिक झोपते. एक नाच लागेल. गाणी किमान आठ. विमानाऐवजी नाव, आणि नाव रंगमंचावर हलवायची म्हणजे खाली चाकं. पुठ्ठ्याची चालेल, धूर सोडू. शेवटाबद्दल मी हटणार नाही : नाव जाते, ठाणेदार बेड्या खिशात ठेवतो, आणि दोघं पावसात बांधावरून चालत निघतात. खुर्च्या तुटल्या तर माझ्या मानधनातून भरा.

इंग्रजी येत नाही, समजेल का?

समजेल. मी पडद्याच्या बाजूला स्टुलावर बसून माइकवर मराठीत सांगतो. सवयच आहे. फक्त मी सांगत असताना मला “पुढं काय” विचारू नये, आणि गाण्याच्या वेळी मी बोलत नाही.

सॅमला पियानो परत वाजवायला सांगणारं ते प्रसिद्ध वाक्य केव्हा येतं?

लोक ज्या शब्दांत ते म्हणतात, त्या शब्दांत ते सिनेमात कुठंच येत नाही. वाट बघू नका. प्रॉम्प्टरच्या कानाला अशा चुका लगेच कळतात, आणि त्या दुरुस्त केल्या तरी कोणी ऐकत नाही, हेही कळतं.

लेकरांना आणायचं का?

आणा. दारू-सिगारेट भरपूर आहे, बाकी काही नाही. लहानांना पहिला अर्धा तास कंटाळा येतो, नंतर ते झोपतात.

आधी मालिका बघावी की सिनेमा? १९८३ ची तर आधीच्या दिवसांची आहे.

सिनेमा. घटना कोणत्या क्रमानं घडल्या ते बघू नका, लोकांनी कोणत्या क्रमानं पाहिल्या ते बघा. मालिका नंतर हौस म्हणून एखादा भाग पाहावी, सेट आणि दिवे बघायला. १०२ मिनिटांत जे झालं ते पाच तासांत का होत नाही, हे शिकायचं असेल तर मात्र पाचही भाग पाहा. नवीन लिहिणाऱ्या पोरांना मी तेच सांगतो.

‘कॅसाब्लांका’ परत केव्हा दाखवणार?

रोवणीच्या दिवसांत काहीच नाही, सगळ्यांच्या पाठी मोडलेल्या असतात. धान चुरून घरात आलं की दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी, मंडईच्या तारखा सोडून. थंडी असेल, गोधडी आपापली आणावी. इन्व्हर्टरसाठी घरटी वीस रुपये जमा करणं चालू आहे, म्हणजे विमानतळावर या वेळी अंधार होणार नाही. तरी टॉर्च मी आणणार आहेच.